विदाचा राहिलेला प्रवेश

डोंगरातल्या स्मोल्यान शहराच्या नाट्यगृहात रुमेना चाउशेवाने उभी हयात काढली. राण्या केल्या, सासवा केल्या, एकदा नट आजारी पडला म्हणून मिशा चिकटवून सेनापतीही केला आणि त्यालाही टाळ्या घेतल्या. पण बाजारात मिरच्या निवडताना तिला कोणी अडवलं, की ते यातल्या कशाबद्दलही बोलत नसत. त्यांचा प्रश्न ठरलेला असायचा. बाई, विदाचं पुढे काय झालं हो?

विदा ही ‘झोपलेला डोंगर’ या मालिकेतली म्हातारी. गावाचा एकुलता एक झरा झ्मेयने अडवून धरलाय, आणि सगळ्या गावात पाणी भरायची मुभा फक्त विदाला आहे, अशी ती गोष्ट होती. झ्मेय म्हणजे काय हे आमच्या डोंगरात कोणाला सांगावं लागत नाही. तो पुरुषासारखा पुरुष असतो, काखेत लहानसे पंख असतात, पिकावर येणाऱ्या गारांशी झुंजतो, आणि एखादीवर जीव जडला की तिला झुरवून झुरवून काडी करून टाकतो. मालिकेच्या पहिल्या चार भागांत तो असाच होता. दगडावर बसून असायचा, फारसा बोलायचा नाही. विदा त्याच्यासमोर तांब्याची घागर भरायची आणि त्या घागरीच्या नुसत्या आवाजावर घराघरांत माणसं हातातला घास हातात धरून बसायची. असं काही आपल्याकडे कोणी करू शकतं, हेच लोकांना नवल होतं.

मग निर्माता गेनादिएव घाबरला. गोष्ट फार संथ चाललीय असं त्याला कोणीतरी सांगितलं म्हणे. पाचव्या भागापासून झ्मेय गेला आणि त्याच्या जागी संगणकावर काढलेली आग ओकणारी घोरपड आली. कुठूनशी एक राजकन्या आली, तिच्यामागे तलवारी आल्या. विदाला कोपऱ्यात बसवून ठेवली. आठव्या भागाच्या शेवटी मात्र ती गुहेच्या तोंडाशी उभी राहून म्हणाली, “तुझं नाव मला कळलंय.” पडदा काळा झाला. दुसरं पर्व पुढच्या वर्षी, असं जाहीर झालं होतं. ते पुढचं वर्ष काही उगवलं नाही.

मालिकेचा लेखक ल्युबेन तातारोव्ह. वयाने रुमेनाहून बराच लहान, पण तिने त्याला मानलं होतं. जिथे जाईल तिथे ती त्याची वकिली करायची. सगळं त्याच्या डोक्यात तयार होतं, तिन्ही पर्वं, शेवटच्या वाक्यापर्यंत. पण गेनादिएवने मुलाचा पाळण्यातच गळा घोटला, असं ती वर्तमानपत्रांना सांगायची, न्हाव्याला सांगायची, स्वतःच्या बहिणीला तर इतक्यांदा सांगितलं होतं की बहीण आता उठून स्वयंपाकघरात जायची.

उन्हाळ्याच्या तोंडाशी तिला यावोरित्साहून फोन आला. मालिकेचं चित्रण झालं ते हे गाव. फोन करणारा झाफिर, जंगलखात्यातला रखवालदार आणि गावच्या वाचनालयाचा अध्यक्ष, म्हणजे जत्रेपासून नाटकापर्यंत सगळ्याचा धनी. संत इलियाच्या जत्रेला ताईंनी पाहुण्या म्हणून यावं आणि कुस्तीची बक्षिसं वाटावीत, एवढीच त्याची विनंती होती.

“बक्षिसं वाटायला तुमचा पोलीसपाटील पुरे,” रुमेना म्हणाली. “मी येते, पण विदाचा शेवट करून दाखवायला.”

 झाफिरने हळूच विचारलं, “खराखुरा शेवट, ताई?”

“मग काय खोटा करू?”

फोन ठेवल्यावर तिला स्वतःचंच कौतुक वाटलं. इतकी वर्षं हे कसं सुचलं नाही? शेवट ल्युबेनकडे आहे, विदा तिच्याकडे आहे, गाव आणि झरा जागच्या जागी आहेत. गेनादिएवची आणि त्याच्या घोरपडीची गरज कोणाला होती?

तिने ल्युबेनला फोन लावला. तो आता सोफियात टीव्हीवरच्या एका प्रश्नमंजुषेच्या खेळासाठी सूत्रधाराचे विनोद लिहायचा. त्याने आधी काम फार आहे म्हटलं, मग पाठ धरलीय म्हटलं, मग म्हणाला की जुनं उकरून काय मिळणार. रुमेनाने सगळं ऐकून घेतलं आणि कुठली बस पकडायची ते सांगितलं.

ती स्वतः आधीच यावोरित्साला जाऊन सेवदा आजीच्या माडीवर उतरली. सेवदा आजी नव्वदीकडे झुकलेली, जीभ मात्र सोळाची. मालिकेत तहानलेल्या गावकऱ्यांच्या गर्दीत ती होती, आणि आपलं तोंड तिसऱ्या भागात नीट दिसलं नाही याचा राग तिने अजून सोडला नव्हता. रुमेनाने पिशवी खाली ठेवायच्या आत तिने तिला न्याहाळलं आणि म्हणाली, “टीव्हीत तुला म्हातारी करायला केवढा रंग थापायचे. आता बरं, खर्च वाचला.”

“तुमच्याएवढी व्हायला अजून रंग लागेल, आजी,” रुमेना म्हणाली, आणि दोघींचं जमलं.

झ्मेय करायला झाफिरच पुढे झाला. मूळचा नट परदेशी जाऊन शेव्हिंगच्या जाहिराती करत होता. झाफिरचे खांदे दाराला अडतील असे, आवाज खोल, आणि रंगमंचावर तो याआधी फक्त एकदा, शाळेत असताना, झाड म्हणून उभा राहिला होता. रुमेनाला ते चाललं. झाड झालेला माणूस निदान हलत तरी नाही, असं ती म्हणाली. खेळ चौकातच करायचा ठरलं, दगडी पाणवठ्यापाशी, कुस्त्या संपल्यावर.

ल्युबेन दुपारच्या बसने उतरला. दाढी वाढलेली, हातात पिशवीसुद्धा नाही. सेवदा आजीच्या अंगणात अक्रोडाखाली रुमेनाने त्याला बसवलं, पुढ्यात गरम पाटातनिक ठेवलं, ताकाचा पेला ठेवला आणि म्हणाली, “खा आणि सांग. विदाने त्याचं काय नाव घेतलं?”

ल्युबेनने बटाट्याच्या त्या पोळीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. 

“मला माहीत नाही,” तो म्हणाला.

रुमेनाला वाटलं तो चेष्टा करतोय. मग तिने त्याचा चेहरा पाहिला.

त्याने जे सांगितलं ते असं. पहिले चार भाग त्याला स्वप्नात वाचून दाखवल्यासारखे सुचले होते. पाचव्यापाशी येऊन तो अडला. विदा आणि झ्मेय समोरासमोर, पुढे काय, हे त्याला काही केल्या सुचेना. गेनादिएव तारखा मागायला लागला. ल्युबेनने राजकन्या दिली, वेळ मारून न्यायला. मग तलवारी दिल्या. घोरपड तेवढी गेनादिएवची. पण ती आली तेव्हा ल्युबेनला मनातून सुटल्यासारखंच वाटलं होतं, कारण आता दोष द्यायला कोणीतरी मिळालं. नावाचं वाक्य त्याने चित्रणाच्या सकाळी लिहिलं. ऐकायला भारी वाटत होतं. नाव पुढच्या वर्षी शोधू, असं म्हणून सोडून दिलं.

“आणि तिन्ही पर्वं तयार आहेत म्हणालास ते?”

“तुम्ही सगळे माझ्याकडे असं बघत होतात ना,” ल्युबेन म्हणाला. “नाही म्हणायची हिंमत झाली नाही.”

रुमेना उठली. अंगणाच्या टोकापर्यंत गेली, कुंपणाला धरून उभी राहिली. खाली दरीत गवत कापायचं यंत्र चाललं होतं. इतकी वर्षं ती ज्याच्यासाठी भांडली, तो पेटारा रिकामा होता. न्हाव्यापाशी, बहिणीपाशी, वर्तमानपत्रात, सगळीकडे तिने रिकाम्या पेटाऱ्याची राखण केली होती. तिला इतका संताप आला की ल्युबेनला त्याच पावली बसमध्ये कोंबावं असं वाटलं, आणि बस संध्याकाळपर्यंत नव्हती म्हणूनच केवळ तो वाचला.

पण संतापात उभं असताना तिच्या एक गोष्ट ध्यानात आली, आणि तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. तिला हलकं वाटत होतं. इतके दिवस शेवट दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्यात कुलूपबंद होता. आता तो कुठेच नव्हता. म्हणजे तो कोणीही आणावा. आणि विदा वर्षभर अंगात घेऊन जर कोणी हिंडलं असेल तर ते ल्युबेन नव्हे.

ती परत आली. “पाटातनिक गार होतंय,” ती म्हणाली. “खा. उद्यापासून काम आहे.”

कामाला लागल्यावर ल्युबेनने एकामागून एक शेवट आणले. एकात झ्मेय हा विदाचा हरवलेला भाऊ निघत होता. रुमेना म्हणाली, हे तुझ्या खेळातल्या बक्षिसाच्या प्रश्नाला ठीक आहे. दुसऱ्यात विदा नाव उच्चारते आणि तो दगड होतो. झाफिरने नम्रपणे विचारलं की मग आपल्याला दगड कोणी दाखवायचा. तिसरा ल्युबेनने स्वतःच फाडला.

अशात गेनादिएवचा फोन आला. जत्रेच्या कागदी जाहिराती झाफिरने जिल्हाभर चिकटवल्या होत्या, त्यांतली एक त्याच्यापर्यंत पोचली होती. तो गोडच बोलला. रुमेनाबाईंची कला त्याला किती प्रिय आहे वगैरे झालं, आणि मग मुद्द्यावर आला. ‘झोपलेला डोंगर’ हे नाव, विदा हे नाव, झ्मेयचं मालिकेतलं जे काही नाव ठरलं असेल किंवा ठरायचं असेल ते नाव, सगळ्यांचे हक्क त्याच्या कंपनीकडे होते. यातलं एकही नाव त्या चौकात उच्चारलं गेलं तर त्याचे वकील यावोरित्साच्या वाचनालयाला कोर्टात खेचतील.

रुमेनाने त्याला पुरतं बोलू दिलं.

“गेनादिएव, झ्मेयपण तुमचाच का?” तिने विचारलं.

“तो शब्द नाही. तो काय, सगळ्यांचाच आहे.”

“आणि पाणी? घागर? म्हातारी बाई?”

तो जरा चाचरला. “त्यांवर कसला हक्क सांगणार.”

“मग मला लागेल तेवढं सगळं माझ्याकडे आहे,” ती म्हणाली. “जत्रेला या. कोकरू आख्खं भाजणार आहेत.” आणि तिने फोन ठेवला.

झाफिर मात्र हबकला. वाचनालयाच्या छताची डागडुजी राहिली होती, त्यात कोर्ट कुठून परवडणार? ल्युबेनने तर हातच टेकले. सगळा प्रवेश त्या एका नावावर उभा आहे, नावच घ्यायचं नाही तर उरलं काय, असं त्याचं म्हणणं. तिघं पाणवठ्याच्या काठावर बसले होते. ऊन उतरलं होतं, सेवदा आजी बाकावर बसून शेंगा सोलत यांचं बोलणं उघड उघड ऐकत होती.

“मला एक सांग,” रुमेनाने ल्युबेनला विचारलं. “विदाला नाव कशाला हवं होतं?”

“त्याला बांधायला. ज्याचं नाव कळलं तो बांधला जातो.”

“बांधला. पुढे?”

 ल्युबेन तिथेच अडला होता, पाचव्या भागापासून, हे त्या क्षणी दोघांनाही दिसलं.

“पुढे काही नाही,” रुमेना म्हणाली. “पुढे तीही तिथेच बसणार, दोरीचं दुसरं टोक धरून. मी वर्षभर त्या बाईची घागर उचललीय, ल्युबेन. ती दमलीय. तिला आणखी एक राखण नकोय. नाव तिला येतं, आणि ती ते घेत नाही. बस.”

“आणि पाणी?”

“पाणी मागायचं. सरळ.”

ल्युबेन हसायला लागला, आधी नाकातल्या नाकात आणि मग मोठ्याने, बऱ्याच दिवसांत न हसलेल्या माणसासारखा. मग तो उठून वाचनालयात गेला आणि त्याने झ्मेयसाठी एक भाषण लिहिलं. भाषण चांगलं होतं. रुमेनाने वाचून मान्य केलं. एकटेपणाबद्दल, डोंगराबद्दल, गारांशी लढून मोडलेल्या पंखांबद्दल. झाफिर ते जंगलात फिरता फिरता पाठ करायचा आणि त्याने ते इतक्या झाडांना ऐकवलं की मुखोद्गत झालं.

जत्रेच्या दिवशी चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारच्या गावांतून माणसं आली होती, प्लोव्हदिवहूनसुद्धा एक गाडी भरून आली होती. गेनादिएव आला नाही. पण काळा चष्मा घातलेला त्याचा एक माणूस कोकराच्या चुलाण्यापाशी उभा राहून फोनवर चित्रण करत होता आणि मधून मधून ताटलीतलं खात होता. कुस्त्या झाल्या. गाइडा हे पिशवीचं वाद्य वाजवणाऱ्याने सूर धरला आणि सोडला. मग घरांच्या सावलीतून रुमेना निघाली.

रंग नाही, टोप नाही. सेवदा आजीचा जुना लोकरी झगा आणि खांद्यावर घागर. ती चालू लागली तसं चौक आपोआप गप्प होत गेला. पाणवठ्याच्या दगडावर झाफिर बसला होता, उघड्या अंगाने, काखेत हंसाच्या पिसांचे पंख. शाळकरी पोरं त्याला हसायला टपली होती, पण त्याने मान वर केली तेव्हा त्यांना काही हसू आलं नाही.

“तुझं नाव मला कळलंय,” रुमेना म्हणाली.

 काळ्या चष्म्याच्या माणसाने फोन उंच धरला.

“कळलंय, पण मी ते घेणार नाही. माझंही नाव आता माझं राहिलेलं नाही, काढून घेतलंय. तेव्हा आपण सारखेच.” ती घागर खाली ठेवत म्हणाली, “मी तुला बांधायला आले नाही. गावाला तहान लागलीय. मला पाणी दे.”

आता झाफिरचं भाषण होतं. रुमेना थांबली. झाफिर तिच्याकडे बघत होता. त्याचे ओठ जरा हलले आणि तिला कळून चुकलं की त्याच्या डोक्यातून सगळं पुसलं गेलंय, एकटेपणा, डोंगर, मोडलेले पंख, सगळं. वाचनालयाच्या पायरीवर ल्युबेन अर्धवट उठला. रुमेनाला अशा वेळा नवीन नव्हत्या. एखादं वाक्य टाकून त्याला सावरून घेणं तिच्या हातचा मळ होता. पण झाफिरच्या डोळ्यांत तिला घाबरलेपण दिसलं नाही. तो खरोखरच विचार करत होता, तिने पाणी मागितलंय, तर आता काय करायचं. ती गप्प राहिली.

तो दगडावरून उतरला. सावकाश, कारण इतका वेळ बसून पाय आखडले होते. त्याने तिची घागर उचलली, पाणवठ्याच्या धारेखाली धरली आणि ती भरेपर्यंत उभा राहिला. तांब्याच्या घागरीत पाणी पडण्याचा आवाज सगळ्या चौकाने ऐकला, आधी पोकळ, मग जड, मग नुसता भरलेला. काठोकाठ झाल्यावर त्याने घागर उचलून तिच्याकडे दिली नाही. त्याने ती स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि गर्दीकडे चालू लागला. लोकांनी वाट करून दिली. सगळ्यात पुढे सेवदा आजी बसली होती. तिच्यापाशी वाकून त्याने घागर कलती केली आणि आजी ओंजळीने प्यायली, अंगावर सांडत, कोणाची तमा न बाळगता.

मग मात्र टाळ्या पडल्या. काही बायका डोळे पुसत होत्या. काही पोरांना आग न दिसल्यामुळे फसल्यासारखं वाटत होतं, आणि प्लोव्हदिवहून आलेल्यांपैकी एकजण मोठ्याने विचारत होता की मग राजकन्येचं काय झालं. राजकन्येचं कोणालाच माहीत नव्हतं.

झाफिर पंख काढून रुमेनापाशी आला. शरमेने त्याचे कान लाल झाले होते. त्याने ताईंचा सगळा खेळ बिघडवला म्हणून माफी मागायला सुरुवात केली. रुमेनाने त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि कपाळाचं चुंबन घेतलं. ल्युबेनने आपलं भाषण खिशातून काढलं, एकदा वाचलं आणि चुलाण्यात टाकलं. ते चांगलं होतं, असं तो नंतरही म्हणायचा.

जेवताना लांब टेबलावर वाद पेटला. सेवदा आजीला शेवट मुळीच पटला नव्हता. पाणी गोड होतं, पण विदाने नाव घ्यायलाच हवं होतं, असं तिचं ठाम मत. “मी माझ्याला मोकळा सोडला होता,” ती म्हणाली. “पेर्निकच्या खाणीत गेला आणि तिथून दुसरीने विणलेले मोजे घालून आला. बांधायचं, पोरी. आधी बांधायचं, मग पाणी मागायचं.”

“तुमचा झ्मेय नव्हता, आजी,” झाफिर म्हणाला.

“तुला काय माहीत? काखेत कोणी बघितलं होतं त्याच्या?”

टेबल हसून हसून लोळलं. ल्युबेन तर राकियाच्या दारूचा पेला सांडून बसला. काळ्या चष्म्याचा माणूसही येऊन बाकाच्या टोकाला टेकला होता. त्याने रुमेनाला सांगितलं की त्याच्या चित्रणात एकही नाव आलेलं नाही, आणि त्याला वैयक्तिक विचाराल तर चौथ्या भागानंतर त्याने मालिका बघणंच सोडलं होतं.

त्या मालिकेचं पुढे काहीच झालं नाही. कोणी तिला पुन्हा उभी केली नाही, कोणा मोठ्या माणसाने फोन केला नाही. ती जशी अर्धी होती तशी अर्धीच राहिली, आणि चार भाग सुंदर आणि चार भाग रद्दी असं लोक म्हणतात ते खरंच आहे. पण ल्युबेनने खेळाची नोकरी सोडली. हिवाळ्यात तो स्मोल्यानला आला, नाट्यगृहासाठी एक नाटक घेऊन. रुमेनाने पहिलं पान उघडायच्या आधी त्याला विचारलं, शेवट आहे का. त्याने मागून काही पानं काढून तिच्या हातात दिली आणि म्हणाला, हेच आधी लिहिलं.

ती तिथेच, कोट न काढता, वाचायला बसली. शेवट बरा होता. मधलं सगळं डळमळत होतं, तिने त्याला तसं तोंडावर सांगितलं, आणि दोघं कामाला लागले.